प्रोसेसर मोजायचे, पण कधी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावच्या बाजारात मोबाइल घ्यायला आलेला माणूस हल्ली कॅमेऱ्याच्या जोडीने "कोर किती?" हेही विचारतो आणि दुकानदार "आठ" म्हणून मोकळा होतो. पुण्यात नवा महासंगणक सुरू झाला की वर्तमानपत्रे याहून वेगळे काही करत नाहीत. कोरचा आकडा मथळ्यात, बाकी मजकूर खाली. प्रोसेसर जितके जास्त तितके यंत्र चांगले, हा समज भाबडा आहे आणि संगणकाचे जाणकार त्याला हसतातही. पण या जाणकारांचा स्वतःचा एक समज आहे आणि तो मला अधिक उथळ वाटतो, कारण तो शहाणपणाच्या थाटात वावरतो. तो असा : ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, प्रोसेसरची संख्या आधी गृहीत धरण्याचे दिवस गेले. यंत्र सुरू झाल्यावर मोजावे आणि पुढे चालावे. कंपाइल करतानाच, म्हणजे सोर्स कोडपासून कर्नल बांधतानाच, आकडा ठरवणे ही मेमरी महाग होती त्या काळातली कंजुषी आहे. लवचिकता हीच आधुनिकता.

माझे म्हणणे नेमके उलट नाही, पण बरेचसे विरुद्ध आहे. लवचिकता फुकट मिळत नाही. जे आधी सांगता आले असते ते सांगितले नाही, तर कर्नल तोच प्रश्न सेकंदाला हजारो वेळा स्वतःला विचारत बसते. आणि जे आधी सांगता येतच नाही ते दडपून सांगितले, तर कर्नल खोट्यावर उभे राहते. म्हणून वाद 'आधी की नंतर' असा नाहीच. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ज्या क्षणी पहिल्यांदा खरेपणाने देता येते, त्याच क्षणी ते पक्के करावे. प्रोसेसरच्या बाबतीत कंपाइल करताना खरेपणाने सांगता येते ती कमाल मर्यादा. नेमकी संख्या नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत हेच बहुतेक चुकांचे मूळ आहे.

१. 'किती?' हा एक प्रश्न नाही

लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसरची संख्या चार वेगळ्या अर्थांनी नांदते. पहिली, कर्नल बांधताना लिहून दिलेली कमाल मर्यादा. सोर्स कोडमध्ये तिचे नाव एनआर-सीपीयूज. दुसरी 'पॉसिबल' : या यंत्रात जास्तीत जास्त किती प्रोसेसर कधीतरी असू शकतील. ती बूट होताना फर्मवेअरच्या तक्त्यांवरून ठरते आणि यंत्र बंद होईपर्यंत बदलत नाही. तिसरी 'प्रेझेंट' : आत्ता प्रत्यक्ष बसवलेले किती. चौथी 'ऑनलाइन' : बसवलेल्यांपैकी या घडीला कामावर किती. फोन बॅटरी वाचवायला एखादा कोर कामावरून काढू शकतो, सर्व्हरमध्ये एखादा प्रोसेसर चालू यंत्रातून बाहेर घेता येतो, आणि व्हर्च्युअल यंत्राला तर मागणीनुसार प्रोसेसर देता-काढता येतात. म्हणजे पहिला आकडा कारखान्यात ठरतो, दुसरा चालू होताना, चौथा हा लेख वाचता वाचताही बदलत असेल.

वर्तमानपत्री आकडा यांपैकी कोणता? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला 'प्रत्यूष' घ्या. २०१८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा महासंगणकांच्या जागतिक यादीत त्याच्या नावापुढे १,१९,२३२ कोर होते. पण या सव्वा लाखाच्या घरातल्या कोरवर एकच कर्नल चालत नव्हते. प्रत्यूष म्हणजे क्रे कंपनीचे एक्ससी-४० यंत्र, त्याच्या एका नोडमध्ये १८ कोरचे दोन झिऑन प्रोसेसर, म्हणजे ३६ कोर. भागाकार केला की नोड निघतात ३,३१२. प्रत्येक नोडवर लिनक्सची स्वतंत्र प्रत, आणि तिच्या दृष्टीने जग ३६ कोरचे. हायपरथ्रेडिंग धरले तर ७२ चे. उरलेले एक लाख एकोणीस हजार तिला प्रोसेसर म्हणून ठाऊकच नाहीत, ते जाळ्याच्या पलीकडे आहेत. मथळ्यातला आकडा कर्नलच्या हिशेबात कुठेच लिहिलेला नसतो.

त्याच संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २०२५ पासून 'अर्का' या नव्या महासंगणकावर ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. पेरणीच्या तोंडावर डोणगावचा सोयाबीनवाला तो अंदाज ज्या अँड्रॉइड फोनवर पाहतो, त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. मूळ सोर्स कोड एकच, फरक बांधणीचा. म्हणूनच हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या चार माणसांचा नाही.

२. आकडा प्रोग्राममध्येच लिहिण्याचा काळ

संख्या आधी ठरवण्याची टोकाची पद्धत कशी असते, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि तिची धुरा विजय भटकरांकडे आली. भटकर मुरंब्याचे, अकोला जिल्ह्यातले. म्हणजे बुलढाण्याचे सख्खे शेजारी. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. क्रे नाकारला गेला म्हणून आपण स्वतः बनवला, ही अर्धी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. उरलेली अर्धी अधिक रंजक असून ती कुणी सांगत नाही.

परम ८००० मध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते, पहिल्या यंत्रात ६४. ट्रान्सप्युटर हा वेगळ्या वळणाचा प्रोसेसर : प्रत्येकाची मेमरी स्वतःची, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. सामाईक मेमरीच नाही, त्यामुळे सगळ्यांवर राज्य करणारे एक कर्नल ही कल्पनाच तिथे गैरलागू. इनमॉसने ट्रान्सप्युटरसाठी ऑकम नावाची भाषा केली होती. तिच्यात 'प्लेस्ड पार' अशी रचना होती : अमुक काम प्रोसेसर क्रमांक शून्यावर, तमुक एकवर, आणि कोणता दुवा कुणाला जोडलेला आहे तेही तिथेच लिहायचे. कंपायलरला प्रोसेसरची नुसती संख्या नव्हे, सगळा नकाशा आधीच ठाऊक. त्यामुळे चालताना शोधाशोध नाही, वाटाघाट नाही, वेग उत्तम. पण प्रोसेसर वाढवले, एखादा बिघडला, जोडणी बदलली, की नकाशा पुन्हा लिहा आणि प्रोग्राम पुन्हा बांधा.

ही पद्धत मागे पडली ती मूर्खपणाची होती म्हणून नव्हे. 'कंपाइल करतानाच्या' ज्ञानाची ती सगळ्यात प्रामाणिक अंमलबजावणी होती. चूक एवढीच की जी गोष्ट बदलणार हे सगळ्यांना माहीत होते, तीही तिने गोठवली.

३. चौसष्ट आणि पासष्ट

आता कर्नलच्या पोटात जाऊ. हा भाग थोडा सावकाश वाचावा लागेल, पण सगळा युक्तिवाद याच्यावर उभा आहे.

"हे काम कोणकोणत्या प्रोसेसरवर चालू शकते?" असा प्रश्न कर्नलला सतत पडतो. त्याचे उत्तर ते बिटांच्या ओळीत ठेवते : प्रत्येक प्रोसेसरमागे एक बिट, चालत असेल तर १, नसेल तर ०. या ओळीला सीपीयूमास्क म्हणतात. आजचे प्रोसेसर एका वेळी ६४ बिटांचा एक शब्द हाताळतात. कमाल मर्यादा ६४ किंवा त्याहून कमी असेल, तर सगळी ओळ एका शब्दात मावते. मग "पहिला १ कुठे आहे?" या प्रश्नाला इंटेल वळणाच्या प्रोसेसरवर एक सूचना पुरते, फोनमधल्या आर्मवर दोन : ओळ उलटी करा, पुढची शून्ये मोजा. लूप नाही, फंक्शनला हाक नाही, मेमरीतून मर्यादा वाचून आणणे नाही. दोन मास्कचा छेद म्हणजे एक 'अँड'. मास्क कोरा करणे म्हणजे शून्य लिहिणे.

मर्यादा ६५ करा. यंत्रात प्रोसेसर आठच आहेत, काहीही बदललेले नाही. बदलले आहे ते कंपायलरला दिलेले वचन. आता ओळीला दोन शब्द लागू शकतात. म्हणून कंपायलर शोधाच्या जागी फंक्शनची हाक घालतो, ते फंक्शन बूटच्या वेळी ठरलेली मर्यादा मेमरीतून आणते, आणि लूप सुरू करून पहिल्याच फेरीत थांबते. काम तेच, उत्तर तेच. पण एका सूचनेच्या जागी डझनभर, शिवाय एक हाक, एक मेमरी-वाचन आणि एक-दोन वळणे. कोणते काम कधी आणि कुठे चालवायचे ते ठरवणाऱ्या शेड्युलरसारख्या ठिकाणी, जिथे हे अखंड चालते, तिथे एवढा फरक उगाच सोसण्याचे कारण नाही.

मर्यादा ८१९२ करा. इंटेल वळणाच्या यंत्रांसाठीची उबुंटू आणि फेडोराची सर्वसाधारण ६४ बिटी कर्नले याच मर्यादेने बांधलेली असतात. आता एक मास्क १०२४ बाइटांचा झाला. कर्नलमध्ये प्रत्येक कामाला मिळणारा स्टॅक इंटेल वळणाच्या यंत्रावर १६ किलोबाइटांचा; त्यात फंक्शनने तीन मास्क ठेवले की जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. म्हणून एवढ्या मर्यादेला मास्क स्टॅकवर न ठेवता त्यासाठी वेगळी मेमरी मागून घ्यावी लागते. मेमरी मागितली की ती न मिळण्याची शक्यता आली, ती तपासण्याचा कोड आला, मिळालेली परत करण्याचा कोड आला. २००८-०९ मध्ये एसजीआय या कंपनीच्या अजस्र यंत्रांसाठी मर्यादा ४०९६ वर न्यायची ठरली, तेव्हा माइक ट्रॅव्हिस आणि रस्टी रसेल यांना कर्नलभर पसरलेले मास्क एकेक करून या पद्धतीवर आणावे लागले. त्या वेळी स्टॅक आणखी लहान, ८ किलोबाइटांचा होता. म्हणजे आकडा वाढल्याने फक्त जागा वाढत नाही, कोडची घडणच बदलते. उलट मर्यादा लहान असेल, तर 'मेमरी मागा' या फंक्शनचे रूपांतर कंपायलर 'होय, मिळाली' अशा स्थिर उत्तरात करतो आणि न मिळाल्यावर काय करायचे तो सगळा कोड अंतिम कर्नलमधून गळून पडतो. जो कोड अस्तित्वातच नाही, त्याच्यात दोषही असू शकत नाही.

लग्नात पंगतीला नेमकी किती माणसे येतील हे कुणी सांगू शकत नाही. पण मांडवात एका वेळी किती पाने बसतात हे आचाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. कमाल मर्यादा ही अशी गोष्ट आहे. तिच्यासाठी माणसे मोजावी लागत नाहीत.

४. मार्च २०२३ ची दुरुस्ती

हा भेद कर्नलच्या कर्त्यांनाही एका फटक्यात सापडलेला नाही. २०२२ मध्ये युरी नोरोव यांनी मास्कचा कोड साफसूफ केला. त्या साफसफाईत दोन गोष्टी झाल्या. एक, मास्कवरच्या क्रियांची लांबी सरसकट बूटच्या आकड्यावरून, म्हणजे 'पॉसिबल'वरून, ठरू लागली. एकच नियम, वाचायला सोपा. दोन, ज्यांना आपल्या यंत्रातली संख्या नेमकी माहीत आहे त्यांच्यासाठी 'फोर्स-एनआर-सीपीयूज' हा पर्याय आला. तो लावला की बूटचा आकडा हा आकडाच राहत नाही, कंपायलरला दिलेला स्थिरांक होतो. थोडक्यात, एकतर सगळे बूटच्या वेळी, नाहीतर नेमकी संख्या कंपाइल करताना. मधली वाट बुजली.

मार्च २०२३ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी ती मधली वाट स्वतः परत खोदली. त्यांनी तीन पायऱ्या केल्या. मर्यादा ६४ पर्यंत असेल तर शोध आणि नक्कल दोन्ही स्थिर लांबीने. ६४ च्या पुढे २५६ पर्यंत असेल तर मास्क कोरा करणे, नक्कल करणे अशा क्रिया स्थिर लांबीने, कारण चार शब्द सलग लिहून टाकणे लूपपेक्षा स्वस्त; शोध मात्र बूटच्या आकड्याने, कारण मोकळे शब्द धुंडाळण्यात अर्थ नाही. त्याहून मोठी मर्यादा असेल तर सगळेच बूटच्या आकड्याने. या तीन पायऱ्या मला अभियांत्रिकीतला चोख विवेक वाटतात : 'हे की ते' असा कौल न देता कोणत्या क्रियेला कोणते ज्ञान कामाचे, असा हिशेब त्यात आहे.

त्या बदलाच्या पाठोपाठ निघालेला दोष तर शिकवण्याजोगा आहे. शोध घेणाऱ्या फंक्शनला एकही १ सापडला नाही तर ते ओळीची लांबी परत देते. आधी ती लांबी म्हणजे बूटचा आकडा, समजा ८. काही ठिकाणी लिहिलेले होते : उत्तर ८ 'च्या बरोबर' असेल तर काही सापडले नाही असे समजा. आता लांबी स्थिर झाली, समजा ६४. काही सापडले नाही की उत्तर ६४ येणार. ते ८ च्या बरोबर नाही, मग कोड समजणार की क्रमांक ६४ चा प्रोसेसर सापडला! दुरुस्ती एका चिन्हाची : 'बरोबर' ऐवजी 'बरोबर किंवा जास्त'. अशी ठिकाणे शोधून त्याच महिन्यात ती दुरुस्त केली गेली. ज्यांनी कोड लिहिला होता त्यांच्या डोक्यात 'मर्यादा' आणि 'संख्या' एकच झालेल्या होत्या. या चिन्हाने ती गल्लत उघडी पाडली, इतकेच.

५. खोटे वचन किती महाग पडते

कंपाइल करताना दिलेले वचन कर्नलच्या आत राहिले तर मोडता येते. मर्यादा बदला, पुन्हा बांधा. ते बाहेर, प्रोग्रामांशी केलेल्या करारात शिरले की पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावे लागते. विंडोजने प्रोसेसरांची ओळ एका यंत्रशब्दाइतकी ठरवली, आणि ती रुंदी प्रोग्रामांना दिसणाऱ्या इंटरफेसमध्येच गेली. ६४ पेक्षा जास्त प्रोसेसर आले तेव्हा, २००९ मध्ये विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर-टू यांच्यात, चौसष्ट-चौसष्टांचे गट करावे लागले. जुना प्रोग्राम एका गटात अडकून पडायचा. १२८ प्रोसेसरच्या यंत्रावर निम्मे त्याला दिसायचेच नाहीत. विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पर्यंत हाच नियम होता.

लिनक्सच्या बाजूलाही फार मिरवण्यासारखे नाही. ग्लिबसी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सी लायब्ररीत प्रोसेसरांच्या ओळीची तयार रचना १०२४ बिटांची आहे. कर्नलचा बूटचा आकडा त्याहून मोठा असेल आणि प्रोग्रामने तीच रचना पुढे केली, तर कर्नल सरळ 'अवैध' म्हणून परत पाठवते. मोठी रचना मागून घेण्याची सोय आहे, पण ती वापरायची आठवण प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याच्या टेबलावरचे आठ कोरचे यंत्र कशाला करून देईल?

याच कसोटीवर 'फोर्स-एनआर-सीपीयूज' मला अर्धवट वाटतो. त्यात सांगायची ती मर्यादा नव्हे, नेमकी संख्या. ती बूटच्या वेळी जुळली नाही तर कर्नल इशारा देते, आणि पर्यायही 'एक्स्पर्ट' या पडद्याआड ठेवलेला आहे. ते योग्यच झाले. ज्याचा बोर्ड सोल्डर केलेला आहे आणि जन्मभर बदलणार नाही, अशा यंत्रापुरता तो ठीक. पण त्यातून मिळणारा बहुतेक फायदा '६४ पर्यंत' एवढ्या वचनातही मिळतो, आणि ते वचन मोडण्याची भीती जवळजवळ नाही. नेमकेपणाचा हट्ट हा लवचिकतेच्या हट्टाचाच जुळा भाऊ.

६. आक्षेप

पहिला आक्षेप : एवढ्याशा बचतीसाठी कोण डोके घालणार? मेमरी स्वस्त आहे. मेमरीपुरता हा आक्षेप मला मान्यच आहे. ८१९२ च्या मर्यादेला इंटेल वळणाच्या कर्नलमधला, प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी भागाचा पत्ता ठेवणारा एक तक्ता ६४ किलोबाइट घेतो, आणि चार कोरच्या यंत्रात त्यातले ३२ बाइट कामाचे असतात. ऐकायला भयंकर, पण ४ गिगाबाइटच्या यंत्रात ६४ किलोबाइट म्हणजे काहीच नाही, आणि न वापरलेला भाग कॅशेतही येत नाही. जे बचतीचे समर्थन अशा आकड्यांवर करतात ते आपलीच बाजू लंगडी करतात. खरा मुद्दा जागेचा नाही, गळून पडलेल्या कोडचा आहे. मेमरी कितीही स्वस्त झाली तरी अनावश्यक वळण आणि न तपासला गेलेला त्रुटीचा रस्ता स्वस्त होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : लिनक्स वितरण करणाऱ्यांना एकच कर्नल लॅपटॉपपासून शेकडो कोरच्या सर्व्हरपर्यंत चालवायचे असते, ते मर्यादा ६४ कशी ठेवतील? नाहीच ठेवू शकत, आणि ठेवूही नये. त्यांच्या दृष्टीने ८१९२ हे खरे वचन आहे. पण यावरून 'सर्वांनी तसेच करावे' असे निघत नाही. एकाच्या कर्नलला सगळ्या जगाच्या यंत्रांवर चालायचे आहे म्हणून दुसऱ्याने, ज्याचे यंत्र त्याच्या हातात आहे, अज्ञानाचे सोंग का घ्यावे? आर्मच्या ६४ बिटी बाजूलाही मोठे सर्व्हर आले तेव्हा डिफॉल्ट मर्यादा २०२४ मध्ये २५६ वरून ५१२ झाली. त्याला सबळ कारण होते. फोनला ते कारण लागू नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात हुशार : बूट होताना संख्या कळली की कर्नलने स्वतःचा कोडच बदलून घ्यावा, म्हणजे दोन्हींचा लाभ. हे काल्पनिक नाही. २००६ पासून लिनक्स इंटेल वळणाच्या एकाच प्रोसेसरच्या यंत्रावर सुरू झाले की महागड्या 'लॉक' सूचना चालू कोडमध्येच निष्प्रभ करते. २०२४ मध्ये टॉरवल्ड्स यांनी बूटच्या वेळी ठरणारे काही स्थिरांक थेट सूचनांमध्ये कोरण्याची सोयही केली. पण या शस्त्रक्रियेला मर्यादा आहे. सूचनेतला आकडा बदलता येतो, एखादी सूचना पुसता येते. पण लूपच नाहीसा करणे, स्टॅकवरची रचना लहान करणे, त्रुटी तपासणारा रस्ता काढून टाकणे, हे काम कंपायलरचे, आणि त्याला ते त्याच्या वेळीच कळायला हवे. बूटची वेळ ही दुसरी संधी आहे, पहिलीची भरपाई नाही.

कुणी म्हणेल, मग एकाच प्रोसेसरसाठीचा वेगळा शेड्युलर २०२५ मध्ये, ६.१७ या आवृत्तीत, मोडीत का काढला? इंगो मोल्नार यांनी तो बदल केला आणि आता एका प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्येही शेड्युलर बहुप्रोसेसरी वळणाचाच असतो. हा माझ्या विरोधातला पुरावा नाही. तिथे एकाच कामाचे दोन वेगळे कोड माणसांना सांभाळावे लागत होते आणि त्यातला एक फारसा कुणी चालवूनही पाहत नव्हते. माझी शिफारस दोन कोडची नाही. कोड एकच लिहावा, मर्यादा सांगावी, आणि छाटणी कंपायलरवर सोडावी.

७. आपल्या हातात काय आहे

अँड्रॉइडच्या कर्त्यांनी हे ओळखलेले दिसते. प्रत्येक फोन कंपनीने आपापले कर्नल बांधण्याचा गोंधळ आवरायला गूगलने सर्वांसाठी एक सामाईक कर्नल आणले, आणि त्यात मर्यादा ठेवली ३२. आठ नाही, कारण दहा कोरचे फोनही असतात. ८१९२ नाही, कारण तो फोन आहे. ३२ एका शब्दात मावतात. डोणगावच्या दुकानदाराने 'आठ' सांगितले ते खरे, पण तो फोन ज्या आकड्यामुळे चपळ राहतो तो ३२ आहे, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो.

सरकारी खरेदीत मात्र हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येताना दिसत नाही. रेशन दुकानातली ई-पॉस यंत्रे, शाळांचे टॅबलेट, तलाठ्यांचे लॅपटॉप : एकाच घडणीची यंत्रे मोठ्या संख्येने घेतली जातात. निविदेत कोर किती, मेमरी किती, पडदा किती इंची, हे सगळे असते. कर्नल कोणत्या पर्यायांनी बांधले आहे, हा रकाना मी तरी पाहिलेला नाही. तो मागण्याचा हक्क मात्र आहे. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येते, तिच्यात 'सोर्स'च्या व्याख्येत बांधणी नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही धरलेल्या आहेत. यंत्र विकणाऱ्याने हे सगळे द्यायचे असते, मागितले तर. मागितले जात नाही, म्हणून येत नाही.

शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांना आणि विदर्भातल्या इतर महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून थांबू नका. लिनक्सचा सोर्स उतरवून घ्या आणि विद्यार्थ्यांकडून दोन कर्नले बांधून घ्या : एक मर्यादा ६४ ची, दुसरे ६५ ची, बाकी सगळे पर्याय सारखे. सोर्समध्येच 'ब्लोट-ओ-मीटर' नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. दोन कर्नलांमध्ये कोणते फंक्शन किती बाइटांनी फुगले ते ती ओळीने सांगते. त्यातले सगळ्यात जास्त फुगलेले पाच निवडा आणि ते का फुगले हे विद्यार्थ्यांना मशीन कोड उघडून लिहायला सांगा. यासाठी महासंगणक लागत नाही, जुना डेस्कटॉप आणि एक रात्र पुरते.

आणि ज्यांच्या घरी लिनक्सचे यंत्र आहे त्यांना तेवढेही करायला नको. 'सिस' या फोल्डरखाली डिव्हाइसेस, सिस्टिम, सीपीयू असे उतरत गेले की पॉसिबल, प्रेझेंट, ऑनलाइन आणि कर्नल-मॅक्स या नावांच्या चार फाइली दिसतील. मोजणी शून्यापासून असल्याने चौथ्या फाइलीत मर्यादेपेक्षा एक कमी आकडा असतो. इंटेल वळणाच्या यंत्रावरच्या उबुंटूत तो ८१९१ निघेल.